35 रुपयांचा सिगार एवढा भारी लागेल असं वाटलं नव्हतं (आपल्या हवेत तो कसा सांभाळायचा, कसा ओढायचा, सगळं सविस्तर)

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे दाजी श्रीरंगमचं दर्शन करून आले आणि येताना तिरुचिरापल्लीहून 12 नगांचं एक बंडल आणलं, नुसतं कागदात गुंडाळलेलं, ना लाकडी डबा ना सोनेरी पट्टी. एक नग 35 रुपयांना पडला म्हणाले. आठदहा दिवस ते बंडल तसंच कपाटात पडून होतं आणि मग एका रात्री नांदेडला गच्चीवर आम्ही दोघांनी एकेक पेटवला. काय सांगू, इतका कडू आणि इतका गरम लागला की निम्म्यातच ठेवून दिला, वरचं पान तर बोट लागलं की पापडासारखं तुटत होतं. दाजी म्हणाले जाऊ दे, 35 रुपयांत अजून काय मिळणार.

उरलेले 10 मी फेकले नाहीत. लॉकवाल्या डब्यात ओलावा देऊन ठेवले (कसे ते खाली सगळं सांगतो) आणि डिसेंबर-जानेवारीत कंधारकडं शेतात हुरड्याला गेलो तेव्हा दोन सोबत नेले. संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऊन उतरल्यावर, बांधावर बसून एक पेटवला आणि पहिल्या दोन-तीन झुरक्यांतच कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे. आधी ताज्या कडब्याचा गोडसर वास, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव, मधेच थोडी काकवी, कडूपणा अगदी शेवटी आणि तोही चांगल्या कोऱ्या चहासारखा. राख सरळ अर्धा-पाऊण इंच टिकली. बंडल तेच, पान तेच, गुंडाळणारा हातही तोच असणार, फरक फक्त सात महिने डब्यात राहण्याचा. त्या दिवसापासून माझं पक्कं मत आहे की आपल्या मराठवाड्यात स्वस्त सिगार वाईट म्हणून जो बदनाम होतो तो बऱ्याच वेळा वाईट नसतोच, वाळलेला असतो.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट नीट सांगतो, आणि मनापासून सांगतो. हा लेख आधीपासून सिगार ओढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे, ज्याने कधी तंबाखूला हात लावला नाही त्याने हे वाचून सुरू करू नये. धूर छातीत घेत नाही म्हणजे काही होत नाही असं बरेच जण म्हणतात, ते चुकीचं आहे, तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर धूर आत न घेताही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आपल्याकडं आधीच गुटखा आणि मळलेली तंबाखू घराघरात आहे, त्यात ही भर नको. मी महिन्याला एक ओढतो, कधी तोही नाही. घरात लेकरं असतील तर घरात मुळीच नाही.

आता स्वस्त म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ, कारण स्वस्त असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातली काही कारणं चवीशी संबंधितच नसतात. सिगारमध्ये तीन थर असतात, आतलं भरण, त्याला धरून ठेवणारं बांधणीचं पान, आणि वरचं दिसणारं पान. वरचं पान सगळ्यात महाग, कारण ते डाग नसलेलं, न फाटलेलं, एकसारख्या रंगाचं लागतं. म्हणजे वरच्या पानावर एखादा हिरवट डाग आला, रंग थोडा मागंपुढं झाला की तोच सिगार दुय्यम म्हणून पट्टी न लावता बंडलात जातो आणि स्वस्त होतो, आतला माल तोच. निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक इथून असे बंडलवाले भरपूर निघतात. दुसरं कारण म्हणजे भरण. लांब अख्ख्या पानांचं भरण असेल तर तो हळू आणि थंड जळतो, राख टिकते. कापलेल्या तुकड्यांचं असेल तर भरभर जळतो, गरम होतो, तुकडे तोंडात येतात. आणि काही मशीनवर बनणाऱ्या सिगारमध्ये वरचं पान खरं पान नसतंच, तंबाखूचा चुरा करून कागदासारखं लाटलेलं असतं, वर गोड फ्लेवर. सुखद धक्का बसायचा असेल तर तो पहिल्या प्रकारात बसतो, तिसऱ्यात मला तरी अजून बसला नाही.

आणि आपल्याला सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे चिरूट. हा शब्दच मुळात तमिळ सुरुट्टु वरून आलाय, म्हणजे गुंडाळी. इंग्रजांच्या काळात ट्रिचिनोपॉलीचे (म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीचे) चिरूट पार विलायतेपर्यंत जात होते आणि चर्चिलचं नाव त्यांच्याशी कायम जोडलं जातं. चिरूटाची दोन्ही तोंडं कापलेली असतात, त्यामुळं टोक कापायला कटर लागत नाही, सरळ पेटवायचा. नांदेड, देगलूर, बिलोलीकडच्या लोकांना चुट्टा म्हणजे गावठी चिरूट माहितीच असेल, तेलुगू मुलखातून आलेला शब्द. मला एक गोष्ट फार आवडते, आपली गोदावरी पैठणवरून, नांदेडवरून पुढं आंध्रात समुद्राकडं जाते तिथं नदीतल्या बेटांना लंका म्हणतात आणि त्या गाळाच्या जमिनीत जी लंका तंबाखू पिकते ती चिरूट आणि चुट्ट्यासाठीच ओळखली जाते. म्हणजे नदी आपलीच, पान तिच्या दुसऱ्या टोकाचं. (तिकडं किनाऱ्याकडच्या काही भागात बाया चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यानं टाळूचा कॅन्सर होतो असं डॉक्टरांनी खूप आधीपासून लिहून ठेवलंय, ते कुणी करून बघू नये.)

घेताना काय बघायचं

बोटांच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकं दाबत जा. दाबल्यावर थोडा दबून परत वर आला तर ओलावा चांगला आहे, करकर आवाज आला तर वाळलाय. एखादी जागा एकदम पोकळ लागली तर तिथं भरण कमी आहे, तो तिथं आल्यावर वाकडा जळणार. दगडासारखी गाठ लागली तर धूर ओढला जाणार नाही. सुईच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर तो नग घेऊच नका, त्याचं कारण खाली येतंय. जळायचं टोक नाकाशी न्या, कोरडा असला तरी तंबाखूचा थोडा गोड वास यायला पाहिजे, अमोनियाचा म्हणजे गोठ्यासारखा उग्र वास आला तर पान नीट मुरलेलं नाही.

पॅकेटवर किंमत छापलेली पाहिजे आणि 85 टक्के भागात चित्रासकट इशारा पाहिजे, इशाऱ्याचा हा नियम 2016 पासून आहे. पानपट्टीवर कुणी बिनछापाचा क्युबन म्हणून सुटा सिगार दाखवला तर हात जोडा आणि पुढं व्हा. काचेच्या झाकणाच्या डब्यातला कोहिबा (क्युबाचा महागडा ब्रँड) तर नकलीच समजा, तसा डबा ती कंपनी काढतच नाही. कुणी परदेशातून येणार असेल तर बॅगेजच्या नियमात 25 सिगारची मर्यादा आहे, त्याच्यावर आणायला सांगू नका.

माझा सल्ला असा की पहिल्या वेळी एकाच प्रकारचे पाच-सहा नग घ्या, पाच प्रकारचे एकेक नको. एकच नग ओढून मत बनवलं तर मी बनवलं होतं तसंच चुकीचं मत बनतं.

डबा तयार करणे, इथंच सगळा खेळ आहे

सिगारला 65 ते 70 टक्के ह्युमिडिटी आणि 18 ते 21 डिग्री तापमान लागतं. आणि आपल्याकडं? मे महिन्यात पारा 42 च्या पुढं, दुपारची हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या मुलखात पानातला ओलावा उघड्यावर किती दिवस टिकणार, दोन-चार दिवसांत गेलाच म्हणून समजा. मुंबई-कोकणातल्या माणसानं दिलेले साठवणीचे सल्ले आपल्याला चालत नाहीत, त्यांची अडचण बुरशीची, आपली अडचण वाळण्याची, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर.

महागडी लाकडी पेटी घ्यायची गरज नाही. खरं सांगायचं तर आपल्या हवेत स्वस्तातली लाकडी पेटी तोट्याचीच, फटीतून ओलावा निघून जातो. रबराची कड असलेला, चार बाजूंनी लॉक होणारा प्लास्टिकचा डबा घ्या, नवीन, मसाल्याचा किंवा लोणच्याचा रिकामा झालेला नको. धुवून, पुसून, दोन दिवस उघडा ठेवा, मग दोन दिवस बंद करून उघडून वास घ्या, प्लास्टिकचा वास येत असेल तर अजून काही दिवस हवा लागू द्या.

आत एक छोटा डिजिटल ह्युमिडिटी मीटर ठेवायचा. पण तो खरं दाखवतो का ते आधी तपासा, हे बरेच जण करत नाहीत आणि मग महिनाभर चुकीच्या आकड्यावर चालतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून पाणी होऊ देऊ नका, आणि ते झाकण व मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 पाहिजे. 71 दाखवला तर तुमचा मीटर चार कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवत जा. माझा पाचनं चुकत होता.

ओलाव्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे बोवेडा कंपनीची 65 किंवा 69 टक्क्यांवर ओलावा धरून ठेवणारी पाकिटं, ऑनलाइन मिळतात, जास्त ओलावा झाला तर ती शोषूनही घेतात. ते मिळेपर्यंत नवीन कोऱ्या स्पंजचा काडेपेटीएवढा तुकडा, त्याला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीच्या दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते. घेताना बाटलीवर नीट वाचा, ॲसिडची बाटली वेगळी असते. बोअरचं पाणी चालत नाही, आपलं पाणी जड, क्षार स्पंजवर पांढरे जमतात आणि वरून बुरशी येते. स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, एका उघड्या डबीत ठेवायचा, सिगारला टेकता कामा नये. मी सुरुवात स्पंजनंच केली होती, पण रोज मीटर बघावा लागतो, 72 च्या वर गेलं की स्पंज काढायचा, 62 खाली आलं की परत ठेवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळलेल्या सिगारला घाई करायची नाही. एकदम जास्त ओलावा दिला तर आतलं भरण फुगतं आणि वरचं पान अजून कडकच असतं, ते उभं चिरतं. पहिले दहा-बारा दिवस 60 च्या आसपास, मग हळूहळू 65. पहिल्या महिन्यात ओढू नका, दीड महिना थांबलात तर उत्तम. दर आठवड्याला दोन मिनिटं झाकण उघडून हवा बदला आणि खालचे नग वर, वरचे खाली करा. फार वर्षं वाळून पडलेल्या सिगारमधलं तेल उडून गेलेलं असतं, त्याला ओलावा परत येतो पण चव पूर्ण येत नाही, ते मान्य करायचं. माझं बंडल आठदहा दिवसच उघडं होतं म्हणून वाचलं.

डबा ठेवायचा कुठं? गावाकडं जुनं माळवदाचं घर असेल तर तुमच्याइतकी चांगली सोय कुणाकडं नाही, जाड भिंतीच्या खोलीतल्या देवळीत उन्हाळ्यातही गारवा असतो, तिथं ठेवा. स्लॅबच्या घरात असाल तर खालच्या मजल्यावर, जिथं उन्हाची भिंत नाही अशा कपाटात, आणि एप्रिल-मेमध्ये डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवून शेजारी फ्रीजमधल्या गार पाण्याची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदलायची. कटकट वाटते, पण दोनच महिने करायचंय.

ही कटकट कशासाठी, तर किड्यासाठी. तंबाखूच्या किड्याची अंडी पानात कधीकधी आधीपासूनच असतात आणि तापमान 24-25 च्या वर राहिलं की ती उबायला लागतात, मग अळी आतून खात खात बाहेर भोक पाडते आणि एकातून दुसऱ्यात जाते. वसमत-हिंगोलीकडं हळद साठवणाऱ्यांना हा किडा नवा नाही, हळकुंडाला बारीक भोकं पाडतो तोच हा. उपाय सोपा आहे. नवीन आणलेले सिगार दोन झिप पिशव्यांत हवा काढून एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग परत एक दिवस फ्रीजमध्ये आणि नंतर बाहेर. थेट फ्रीजरमधून बाहेर काढलं तर पान तडकतं. मधे जास्त वेळ लाइट गेली तर ते तीन दिवस परत पहिल्यापासून मोजा. एकदम वाळलेल्या मालाला आधी थोडा ओलावा येऊ द्या, मग फ्रीजर. बुरशी म्हणजे पांढरा-हिरवट केसाळ थर दिसला तर तो नग टाकून द्या, पुसून ओढू नका.

ओढायच्या दिवशी

रिकाम्या पोटी नको. निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं, चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं. भाकरी खाल्लेली असावी आणि जवळ गुळाचा खडा ठेवा, गरगरलं तर सिगार खाली ठेवायचा आणि गूळ-पाणी घ्यायचं. धूर गिळायचा नाही, छातीत ओढायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा.

टोपी असलेला, म्हणजे तोंडाकडचं टोक पानानं बंद केलेला सिगार असेल तर अगदी थोडं कापायचं, दीड-दोन मिलिमीटर, टोपीचा गोलवा जिथं सरळ व्हायला लागतो त्याच्या जरा वरच. जास्त कापलं तर सगळं पान उलगडत जातं. कटर नसेल तर नवं धारदार ब्लेड, दातानं नको. कापल्यावर न पेटवता ओढून बघा, जाड नळीतून ताक ओढल्यासारखा हलका जोर लागला तर बरोबर.

पेटवताना गॅसचा लायटर किंवा काडी. पेट्रोलच्या लायटरचा वास चवीत उतरतो. काडीचं गूल पूर्ण जळू द्या, मगच जवळ न्या. आणि हुरड्याच्या आगटीतल्या गोवरीच्या निखाऱ्यावर पेटवायचा मोह होतो, मला झाला होता, पण अख्खा सिगार गोवरीच्या धुराचा लागतो, म्हणून नको. ज्योत सिगारला टेकवायची नाही, खाली अर्ध्या इंचावर धरून सिगार फिरवत राहायचं, कडा सगळीकडून काळी होऊन लाल दिसायला लागली की तोंडात घेऊन हलके दोन झुरके. याला अर्धा-एक मिनिट लागतं आणि स्वस्त सिगारला हे जास्त गरजेचं आहे, कारण त्याचं भरण एकसारखं नसतं, एका बाजूनं पेटला की शेवटपर्यंत होडीसारखा एकाच बाजूनं जळत जातो. तसं झालंच तर जी बाजू मागं राहिली तिला लायटर दाखवून बरोबरीला आणा.

मग मिनिटाला एक झुरका. एवढंच. बिडी-सिगरेटची सवय असलेल्याला हेच अवघड जातं, हात आपोआप तोंडाकडं जातो. भरभर ओढलं की टोक तापतं, तेल जळतं आणि कडू लागतं आणि मग आपण म्हणतो सिगार स्वस्त होता. हातात पाऊण तास, तास असेल तरच पेटवा. विझला तर काही बिघडत नाही, राख झाडा, त्यातून एकदा बाहेर फुंका म्हणजे आतला शिळा धूर निघून जातो, आणि परत पेटवा. मधेच कडू झाला तरी हाच उपाय.

चवीसाठी फॉरेनच्या यादीतले शब्द पाठ करायची गरज नाही, आपल्याच नाकाला ओळखीचे वास शोधा. पहिला तिसरा हिस्सा बहुतेक कडब्याचा, सुक्या गवताचा, पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा. मधला हिस्सा शेंगदाणे, फुटाणे, भाजलेली ज्वारी, कधी नव्या चामडी चपलेचा वास. शेवटचा कडक, मिरीसारखा. थोडासा धूर नाकातून सोडून बघितला तर हे वास जास्त स्पष्ट कळतात, पण अगदी थोडा, नाहीतर डोळ्यांत पाणी येतं. सोबत कोरा चहा किंवा साधं पाणी आणि शेंगदाणे-गूळ. शेवटचे दीड-दोन इंच गरम आणि कडू व्हायला लागले की सोडून द्या, पैसे वसूल करायला बोट भाजेपर्यंत ओढू नका.

एक प्रयोग नक्की करून बघा. एक महागडा आणि एक डब्यात दोन महिने राहिलेला स्वस्त, दोन्हीच्या पट्ट्या काढून दुसऱ्या कुणाकडून पेटवून घ्या, कोणता कुठला ते न विचारता. मी आणि दाजींनी केला, एक आमचा तिरुचिरापल्लीचा आणि एक मुंबईहून आलेला, त्याच्या वीसपट किमतीचा. महागडा शेवटी सरसच निघाला, जळणं एकदम एकसारखं आणि शेवटपर्यंत मऊ, ते त्याचं त्याला दिलंच पाहिजे. पण पहिल्या अर्ध्या तासात दाजींनी आमचाच महागडा म्हणून सांगितला, आणि पट्टी दाखवल्यावर तो सिगार परत हातात घेऊन किती तरी वेळ वास घेत बसले.

कुठं ओढता तेही बघा. बसस्टँड, हॉटेल, ऑफिस इथं मनाईच आहे, 200 रुपयांपर्यंत दंड आहे. आणि शेतात असाल तर कडब्याच्या गंजीपासून, खळ्यापासून, वाळलेल्या हरभऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसा. झाल्यावर सिगार चिरडायचा नाही, चिरडला की घाण वास सुटतो, नुसता ठेवून द्यायचा, पाच-सात मिनिटांत आपोआप विझतो. मग थोटकावर पाणी ओता आणि मातीत पुरा.

त्या बंडलातले तीन अजून डब्यात आहेत, मीटर आज सकाळी 66 दाखवत होता. एक दाजींसाठी ठेवलाय, पुढच्या हुरड्याला.